भुऱ्यानंतरचा कुत्रा

या घरात कुठलीही गोष्ट ठरायची ती टेबलावर ठरायची. टेबल म्हणजे जेवणाचं नव्हे. खाली दुकानाच्या मागच्या बाजूला, फ्रेमच्या पट्ट्या आणि काचा कापायचं जे लांबलचक, वर जाड हिरवं कापड चढवलेलं टेबल होतं, ते. धंदा सुरू करणाऱ्या आजोबांनी ही रीत घालून दिली होती. दुकान बंद असेल त्या दिवशी टेबल पुसायचं, भोवती घरातल्या मोठ्यांनी बसायचं, काय बोलायचं ते बोलून घ्यायचं आणि शेवटी हात वर करायचे. एकदा टेबलावर ठरलं की स्वयंपाकघरात त्यावर कुरकुर करायची नाही. कुरकुर व्हायचीच, पण ती टेबलाची बदनामी समजली जायची. थोरल्याचं लग्न इथे ठरलं, वरचा मजला चढवायचा इथे ठरलं, आजोबांना शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलातून घरी आणायचं तेही इथेच. आणि सहा वर्षांपूर्वी भुऱ्याचं काय करायचं हेसुद्धा याच टेबलावर.

आज पुन्हा त्याच टेबलावर कुत्रा आला होता. म्हणजे कुत्र्यांचे फोटो. बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरवाल्या बाईंनी चार पाठवले होते आणि थोरल्याच्या जुळ्या पोरांनी त्या चारही फोटोंच्या कोपऱ्यांना फ्रेमच्या नमुन्याचे काटकोनी तुकडे लावून ठेवले होते, गिऱ्हाईकाला दाखवतात तसे. जुळ्यांपैकी एक डावरा म्हणून त्याला घरात डाव्या म्हणत, आणि मग दुसऱ्याला आपोआप उजव्या.

"या काळ्याला सोनेरी पट्टी काय दिसतेय बघ!" डाव्या म्हणाला.

"कुत्रा घ्यायचाय, का भिंतीवर टांगायचाय?" वहिनीने विचारलं.

धाकटा टेबलाच्या नेहमीच्या कडेला बसून हे ऐकत होता. चाळिशी गाठलेला माणूस, पण या घरात तो धाकटा तो धाकटाच. त्याला आज बरं वाटत होतं. इतकं बरं वाटत होतं की त्याचं त्यालाच भय वाटावं. भुऱ्या गेल्यापासून संध्याकाळी चालायला जाणं त्याने सोडलं होतं. एकट्याने हात हलवत त्या रस्त्याने जायला त्याच्याने होत नव्हतं. आणि आता त्याच्या मुलीनेच, मुंगीने, कुत्रा मागितला होता. जिला कुत्रा चावला तिने. दहा वर्षांची पोर, आजवर कधी कशाचा हट्ट म्हणून केला नाही, तिने या वाढदिवसाला स्पष्ट सांगितलं, मला काही नको, कुत्रा हवा. तिच्या मनातली भीती गेली, एवढाच अर्थ धाकट्याने काढला होता, आणि त्या आनंदात तो पंधरा दिवस शेल्टरच्या मागे लागला होता. हा कुत्रा घरात यायलाच हवा होता. त्याच्याशिवाय आपलं काही जुळून येणार नाही, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

"मी सांगतो," थोरला म्हणाला. थोरल्याची वाक्यं बहुतेक अशीच सुरू होत. "हा मोठा घ्या. खाली माल पडलेला असतो. राखण होईल."

"त्याचे केस बघा किती आहेत! मी आधीच तीन पुरुषांचे केस झाडतेय, चौथ्याचे मी झाडणार नाही," वहिनी म्हणाली.

"काहीही आणा," आजी म्हणाली, "पण भुंकणारं नको बाई. माझं डोकं उठतं."

"भुंकणारं नको तर मासा आणूया ना आई."

जुळे हसले. आजीही हसली, थोरल्याच्या विनोदाला ती कधी कमी पडत नसे. धाकट्याची बायको हसली नाही. ती सकाळपासूनच गप्प गप्प होती आणि टेबलावरच्या कापडाचे सुटलेले धागे ओढत होती.

मुंगीने एका फोटोवर बोट ठेवलं होतं ते काढलंच नव्हतं. सात वर्षांची एक करडी कुत्री. ती कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नव्हती, फोटोबाहेरच्या कशाकडे तरी बघत होती.

"ही म्हातारी?" उजव्या ओरडला. "ही पळणार तरी आहे का?"

"मला पळवायची नाहीये," मुंगी म्हणाली.

शेल्टरवाल्या बाई बरोबर अकराला आल्या. पन्नाशीच्या, केस कानापर्यंत कापलेले, खांद्याला जाडजूड पिशवी. वहिनीने पुढे केलेला चहा त्यांनी उभ्याउभ्याच घेतला आणि टेबलावर मांडलेलं फोटोंचं प्रदर्शन बघून हसल्या.

"छान सजवलेत. पण एक सांगून ठेवते, हे फोटो तुम्हाला आशा लावायला असतात. कुत्रा नंतर. आधी मी घर निवडते."

थोरल्याचा चेहरा पडला. आपण गिऱ्हाईक आहोत अशा थाटात तो बसला होता, आणि इथे उलटंच निघालं.

बाईंनी सगळं घर पायाखाली घातलं. जिना पाहिला, मागचं छोटं अंगण पाहिलं, फाटकाची कडी दोनदा लावून पाहिली. दुकानात काचांच्या रॅकपाशी मात्र त्या थांबल्या. खाचाखाचांच्या लाकडी रॅकमध्ये काचा उभ्या लावलेल्या होत्या आणि पुढे आडवी फळी होती.

"काचा कायम अशाच असतात? उघड्या कुठे नसतात ना?"

"छे छे! कायम रॅकमध्येच," थोरला म्हणाला.

"सहा वर्षं झाली की या रॅकला," वहिनी कौतुकाने म्हणाली. "आधी जिन्याजवळ भिंतीला टेकवलेल्या असायच्या, पण..."

"तू चहाचे कप घेऊन जा," थोरला म्हणाला.

मग बाई टेबलाशी बसल्या आणि त्यांनी आधी पोरांना धरलं.

"कुत्रा जेवतोय. तुम्ही काय कराल?"

"त्याचं भांडं ओढून बघू," डाव्या म्हणाला. "रागावतो का ते कळतं. मी व्हिडिओत पाहिलंय."

"तुझं ताट कुणी ओढलं तर तू काय करतोस?"

"मी उजव्याला हाणतो."

"मग त्या कुत्र्याने काय करावं असं तुला वाटतं?"

बाईंनी मुंगीकडे पाहिलं.

"मी लांब बसेन," मुंगी म्हणाली. "त्याचं झालं की तो येईल."

बाईंनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. धाकट्याला वाटलं, झालं, आपण पास झालो. बाई मोठ्यांकडे वळल्या. मुलांच्या घरात सगळ्यांना पिल्लूच हवं असतं, त्या म्हणाल्या, पण पिल्लू सहा महिने दिसेल त्याला चावतं आणि मग लोक तक्रार घेऊन येतात की चावरं निघालं. त्यापेक्षा पाच-सात वर्षांचा कुत्रा बरा, त्याचा स्वभाव कळलेला असतो. जात, रंग, केस सगळं नंतर. घरात भांडं पडलं, पोरं किंचाळली, पाहुणे आले, तर तो काय करतो ते बघायचं. "आणि गुरगुरणाऱ्याला घाबरू नका. तो बिचारा आधी सांगतो तरी. या तुमच्या मुलीने बोट ठेवलंय ना, ही कुत्री मुलांच्यात वाढलेली आहे. मला विचाराल तर चौघांत हीच."

मुंगीचे कान लाल झाले. धाकट्याने टेबलाखालून तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

"आता शेवटचं पान," बाई म्हणाल्या. "आधी घरात कुत्रा होता?"

"होता," आजी म्हणाली. आजीने हे उत्तर घोटून ठेवलेलं असावं इतक्या पटकन ते आलं. "भुऱ्या म्हणून होता. पोरीला चावला. मग द्यावा लागला."

"कुणाला दिलात?"

थोरला रॅककडे बघत होता, वहिनी कपांकडे.

"दिला नाही," धाकटा म्हणाला. "मी त्याला डॉक्टरांकडे नेला. इंजेक्शन देऊन..." सहा वर्षांत हे वाक्य त्याने कधी पुरं केलं नव्हतं. "मीच नेला. मी धरून होतो त्याला."

"किती वर्षांचा होता?"

"पाच."

"त्याआधी कुणाला चावला होता?"

"नाही. ही रांगायची ना, तेव्हा त्याच्या कानाला धरून उभी राहायची."

बाईंचं पेन थांबलं. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "हे मला नीट विचारावं लागेल. चावा कुत्र्याचा असला तरी कारण बहुतेक वेळा घरातलंच असतं. ते कळल्याशिवाय मी दुसरा देत नाही. कसं झालं?"

"मी नव्हतो," धाकटा म्हणाला. "एका प्रदर्शनाच्या फ्रेमा लावायला परगावी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी आलो तर हिच्या हाताला बँडेज आणि भुऱ्या मागे बांधलेला."

"खेळत होती अंगणात," आजीने धागा उचलला. "काय बिनसलं त्याचं देव जाणे. एकदम हातच धरला."

"इंजेक्शनं किती घेतली? कुत्रा चावल्यावरची?"

"सगळी घेतली," आजी म्हणाली.

"एकच दिलं होतं," वहिनी त्याच क्षणी म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बाईंनी कुणाकडेच पाहिलं नाही. त्यांनी हात पुढे केला. "बाळ, दाखवतेस?"

मुंगीने बाही वर केली. मनगटापासून कोपराच्या दिशेने चार बोटं लांबीची एक पांढरी रेघ, दोन्ही बाजूंना टाक्यांचे बारीक ठिपके. बाईंनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग तो हात उलटा केला. खालची बाजू गुळगुळीत, तिथे काहीच नव्हतं.

बाईंनी स्वतःची बाही वर सरकवली. त्यांच्या हातावर खळगे होते, वेडेवाकडे, अर्धगोल, आणि हात फिरवला तर मागेही तसेच. "हा मला चावलेला. कुत्रा चावतो तेव्हा दोन्हीकडून चावतो. वरचे दात असतात तसे खालचेही असतात. आणि तो ओढतो, त्यामुळे फाटतं. असं सरळ होत नाही."

धाकट्याचा हात टेबलावर होता, मुंगीच्या हाताशेजारीच. बाईंची नजर त्यावर गेली. अंगठ्याच्या मुळाशी एक पांढरी रेघ होती, तर्जनीवर दोन आणि तळव्याच्या कडेला एक चांगली लांब.

"आणि हे काय? हेही कुत्र्याचंच?"

"नाही. काच," धाकटा म्हणाला.

तो म्हणाला आणि मग त्याला ते ऐकू आलं.

वीस वर्षं हिरकणीने काचा कापणारा माणूस. काचेने कापलेलं कसं दिसतं हे साऱ्या गावाने येऊन त्याला विचारावं. या हाताला धरून त्याने मुंगीला रस्ता ओलांडून दिला, याच हातात पेन्सिल देऊन अक्षरं गिरवून घेतली, तिला ताप आला की हाच हात घेऊन उशाशी बसला. आणि सहा वर्षांत ती रेघ त्याने एकदाही पाहिली नाही. कुत्रा चावला असं घराने सांगितलं होतं, तेव्हा त्याला तिथे कुत्र्याचे दातच दिसत राहिले. माणूस मूर्ख असायला हरकत नाही, पण इतका आज्ञाधारक मूर्ख असू नये.

"दादा," तो म्हणाला, "रॅक तू कधी करून घेतलास?"

"कुठला रॅक?"

"मी परगावाहून आलो त्याच आठवड्यात सुतार आला होता. मी म्हटलं, आत्ताच कशी बुद्धी झाली? तू म्हणालास, पोरं मोठी होतायत. मला बरं वाटलं होतं."

"बाहेरच्या माणसांसमोर हे कशाला?" थोरला म्हणाला.

"अहो आता तरी बोला," वहिनी म्हणाली. "मी त्याच दिवशी म्हणत होते, सांगून टाका म्हणून."

"तू म्हणत होतीस? तूच काच पुसून घेतलीस! मी पोरीला घेऊन दवाखान्यात धावलो आणि परत येऊन बघतो तर जिना धुऊन लख्ख!"

"आईंनी सांगितलं म्हणून धुतला!"

पंधरा वर्षांत या नवरा-बायकोचं टेबलावर कधी वाजलं नव्हतं. दोघांचे हात नेहमी एकदम वर जायचे आणि बाकीच्यांना गप्प बसवायचे. आता ते दोघे एकमेकांच्या अंगावर सहा वर्षांपूर्वीच्या त्या धुतल्या जिन्याचं पाणी उडवत होते, आणि जुळे तोंड उघडं टाकून बघत होते.

"काच मी ठेवली होती, मान्य," थोरला शेवटी म्हणाला. "दोन मिनिटांसाठी. फोन आला म्हणून जिन्याला टेकवली. ही धावत आली. मी काय मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलंस असं कोण म्हणतंय?"

"मग चूक होती ती!"

"चूक होती तर चूक झाली म्हणून सांगायचं होतंस. मी तुला शिव्या घातल्या असत्या, चार दिवस बोललो नसतो. पण त्या मुक्या जनावराचं नाव कशाला घेतलंस?"

"त्याने नाही घेतलं, मी घेतलं," आजी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. आजी ताठ बसली होती. तिचा आवाज जराही हलला नव्हता, आणि धाकट्याला त्या आवाजाचीच जास्त चीड आली.

"आठव जरा. त्याच महिन्यात तू वेगळी जागा बघत होतास. टेबलावर वाटणीची भाषा करून गेलास आणि मग परगावी गेलास. आल्यावर तुला कळलं असतं की दादाच्या काचेने पोरीचा हात कापला, तर तू एक रात्र तरी राहिला असतास का इथे? बोल ना. गेला असतास. तुझे वडील जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी घर सांभाळलं. एक कुत्रा गेला, पण घर राहिलं."

"मी त्याला गाडीत पुढे बसवलं होतं, आई," धाकटा म्हणाला. "त्याला वाटलं फिरायला चाललोय. तो खिडकीतून बघत होता."

"मला काय आनंद झाला होता?"

"तू हात वर केला होतास. इथेच. या टेबलावर. सगळ्यांनी केला होता." आणि मग त्याने मान वळवली, कारण हात मोजता मोजता तो ज्या हातापाशी आला होता तो त्याच्या शेजारचाच होता. "तूसुद्धा."

त्याच्या बायकोने धागा ओढणं थांबवलं.

"तुला काय माहीत होतं?"

"मला त्या दिवशी काही माहीत नव्हतं. मी वर होते. या सगळ्यांनी सांगितलं तेच मला सांगितलं."

"मग कधी कळलं?"

तिने सुटलेला धागा बोटाला गुंडाळला.

"कधी?"

"ड्रेसिंगला नेलं तेव्हा. डॉक्टर म्हणाले, काचेचा कण राहिला होता, काढलाय." ती पुटपुटली. "तिसऱ्या दिवशी."

"आणि भुऱ्याला मी कितव्या दिवशी नेलं?"

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण धाकट्याला त्या क्षणी त्या पाण्याची दया आली नाही. तिला उत्तर द्यायलाच लावायचं, असं दुष्ट काहीतरी त्याच्या अंगात शिरलं होतं.

"कितव्या?"

"पाचव्या."

दोन दिवस. अठ्ठेचाळीस तास ती त्याच्यासमोर ताट वाढत होती, त्याच्या शेजारी झोपत होती, आणि मागे भुऱ्या बांधलेला होता. "आई म्हणाल्या, आता तू बोललीस तर दोघं भाऊ एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, आणि ते तुझ्यामुळे होईल," ती म्हणाली. "मी भ्याले. मला वाटलं, तुम्ही त्याला कुणाला तरी देऊन याल. डॉक्टरकडे न्याल असं नव्हतं वाटलं."

"डॉक्टरकडे न्यायचं असंच टेबलावर ठरलं होतं. तू तिथे होतीस."

तिने कापडाचे ओढलेले धागे मुठीत गोळा केले.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. अशा वेळी परक्या माणसाने कुठे बघावं हे त्यांना कळेना, म्हणून त्या फोटो गोळा करू लागल्या. तेवढ्यात थोरल्याला काहीतरी सुचलं. तो खरोखरच हुशार माणूस होता. आपल्यावर कोसळलेल्या गोष्टीतूनसुद्धा त्याला पट्टीचा उरलेला तुकडा काढून ठेवता येत असे.

"पण बाई, एका दृष्टीने हे बरंच झालं की! म्हणजे आमच्याकडे कुत्रा चावलाच नाही कुणाला. मग तो तुमचा कॉलम कोराच राहतो. तसं लिहून टाका."

बाईंनी फॉर्म घडी करून पिशवीत टाकला. "मी आज काहीच लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी आपसात बोला. कुत्रीची मला घाई नाही. ती चांगली आहे, तिला चांगलं घर मिळेल."

हे ऐकून आजी पुढे सरसावली. घर हातातून निसटतंय असं वाटलं की ती काहीतरी द्यायला निघे, आणि समोरच्याला ते घ्यावंच लागे. "पोरीला हवीये ना ती करडी? तीच आणायची. ठरलं. झालं गेलं ते झालं, आता त्या लेकराचं मन मोडू नका. चला, हात वर करा."

आजीचा हात वर गेला. थोरल्याचा गेला, सुटल्यासारखा गेला. वहिनीचा गेला. जुळ्यांना मत नव्हतं तरी त्यांनी दोन-दोन हात वर केले. धाकट्याच्या बायकोचा हात अर्ध्यावर येऊन थबकला. पुढे न्यावा की खाली घ्यावा हे तिला कळत नव्हतं.

"मला नको," मुंगी म्हणाली.

"अगं, तूच तर मागितलास," आजी म्हणाली. "तुझ्यासाठीच तर हे सगळं."

"या घरात नको." तिने करड्या कुत्रीचा फोटो उचलला, कोपऱ्यांना चिकटून आलेले नमुन्याचे तुकडे काढून टेबलावर ठेवले आणि फोटो बाईंच्या हातात दिला. "परत काही झालं की तुम्ही हिचंच नाव सांगाल. हिला बोलता येत नाही."

वर गेलेले हात एकेक करून खाली आले. कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

बाईंना फाटकापर्यंत सोडायला मुंगी गेली, आणि तिच्या मागून धाकटा. आतून पुन्हा थोरल्याचा आणि वहिनीचा आवाज येऊ लागला होता, मध्येच आजीचा. भर दुपारचं ऊन अंगणात पडलं होतं. बाईंनी जाताना मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला, कधीही शेल्टरला ये, तिला फिरवायला ने, म्हणाल्या आणि गेल्या. मुंगी फाटकाची कडी लावून पायरीवर बसली.

धाकटा तिच्याशेजारी बसला. आत बसलेल्या एकेकाला काय काय ऐकवायचं हे त्याच्या डोक्यात तयार होतं. आईला, दादाला, आणि वर जाऊन बायकोला. सहा वर्षांचं सगळं एकदम. पण आधी या पोरीला जवळ घ्यावं असं त्याला वाटलं. या घरात एवढीच एक त्याच्याशी खोटं बोलली नव्हती, निदान समजून उमजून. चार वर्षांची होती बिचारी, हिला काय कळणार होतं, हिच्याही डोक्यात यांनी तेच भरलं असणार.

"तुला आठवत होतं, मुंगे? ती काच?"

"हो."

"सगळं?"

"हो. दादाकाका फोनवर होता. मी खाली येत होते."

"मग मला का नाही सांगितलंस? मला एकदा सांगायचं होतंस गं. मी ऐकलं असतं. मी त्याला नेलाच नसता."

मुंगीने त्याच्याकडे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थोडं आश्चर्य होतं.

"सांगितलं होतं की."

"कधी?"

"तू त्याला पट्टा घालत होतास तेव्हा. इथेच. मी म्हटलं, बाबा, भुऱ्याने नाही केलं, काचेने केलं. तू म्हणालास, त्याला वाचवायला खोटं बोलू नये."

धाकट्याला आठवलं. आधी पट्टा आठवला, त्याची घट्ट झालेली क्लिप, मग आपल्या हाताला लोंबकळणारा तिचा पांढऱ्या बँडेजचा हात, आणि आपण तो बाजूला केला होता ते.

"मी म्हटलं, खरंच काचेने केलं," मुंगी सांगत होती, शाळेतलं काही सांगावं तशी. "मग तू खाली बसलास आणि मला विचारलंस, मग आजी खोटं बोलते का? दादाकाका खोटं बोलतो का? आई खोटं बोलते का?"

"मग?"

"मग मी म्हटलं, नाही."